एम आणि पुढे चांदण्या

"मेल टाकतो!" असं म्हणत आमचे सेक्रेटरी उजव्या हाताचं बोट हवेत आपटायचे. आमच्या बेलवलीतल्या इमारतीत ही धमकी न ऐकलेलं घर नसेल. कचरेवाला उशिरा आला, मेल टाकतो. पाणी कमी दाबाने आलं, मेल टाकतो. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने गच्चीत पापड वाळत घातले, तर तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात मेल. तुमच्याही इमारतीत असा एक माणूस असेलच. नसेल तर तुम्ही नशीबवान, नाहीतर मग तो माणूस तुम्हीच.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते खरेदी अधिकारी होते. निवृत्तीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी झाले, कारण संशय घ्यायला माणसं लागतात. मी समोरच्याच दारात राहते, त्यामुळे सुरुवात माझ्यापासून व्हायची. "वहिनी, तुमची चप्पल माझ्या हद्दीत आलीय."

बायको कधीच गेलेली. मुलगी मनीषा. तिने उल्हासनगरच्या एका सिंधी मुलाशी लग्न केलं आणि शहाडला राहायला गेली. यांनी तिचं नाव रेशनकार्डावरून काढलं, दारावरची पाटी बदलली आणि सोसायटीच्या सभेत सांगितलं, "मला मूलबाळ नाही." त्या मुलीच्या वेण्या मी घातल्या होत्या. हा माणूस माझ्या मनातून उतरला तो त्या दिवशी.

पुढे त्यांनी कुठेतरी वाचलं की ईमेलला दुहेरी सुरक्षा लावता येते. नुसता पासवर्ड पुरत नाही, मोबाइलवर येणारा कोडही द्यावा लागतो. माणूस हरखून गेला! जिन्यात अडवून सांगायचे, "आता कोणाचा बाप माझं खातं उघडू शकत नाही." अडचणीच्या वेळेसाठी मिळालेले राखीव कोड त्यांनी छापून घेतले आणि चोराच्या हाती लागतील म्हणून फाडून टाकले. खजिनदार आपले मेल वाचतो असं वाटून पासवर्ड बदलला, तो इतका अवघड की त्यांच्याच लक्षात राहिना. मग फोन कंपनीशी भांडण काढून जुना नंबर बंद केला. नवा नंबर खात्यात घालावा लागतो हे त्यांना सांगणार कोण? सांगू शकणाऱ्या सगळ्यांना मेल गेलेले होते.

एक दिवस संगणक बिघडला. दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून नव्याने भरून दिलं. खात्याने पासवर्ड मागितला, कोड मागितला. यांच्याकडे दोन्ही नव्हतं.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण परवावर सोसायटीच्या तक्रारीची सुनावणी आली होती. शेजारच्या बिल्डरने नाल्यावर भिंत घातली होती आणि पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी भरायचं. तिथली एक आजी अंथरुणाला खिळलेली. ती खाटेवर आणि खाट पाण्यात. सगळे फोटो, नगरपालिकेची सगळी उत्तरं या एकाच खात्यात. प्रत कोणालाच दिलेली नव्हती. का, तर "कागद फुटतात."

माझ्या दारात येऊन ते म्हणाले, "वहिनी, जरा बघता का?" हा 'जरा' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

मी त्यांच्या संगणकासमोर बसले. जुन्या नंबरवर कोड पाठवू का? तो नंबर बंद. राखीव कोड आहे का? तो कचऱ्यात. शेवटी एक ओळ आली. पर्यायी ईमेलवर कोड पाठवू का? आणि पुढे पत्ता. आधी 'एम' आणि मग नुसत्या चांदण्या.

"हा एम कोण?" मी विचारलं. मला कळलं होतं.

ते पंख्याकडे बघत होते. "खातं तिनेच उघडून दिलं होतं. कॉलेजात होती तेव्हा."

रेशनकार्डावरून काढलेली मुलगी इथे राहून गेली होती.

"मग तिला फोन करा."

"दुसरा मार्ग बघा."

"दुसरा मार्ग नाही."

"असं कसं नाही? मी कंपनीला मेल टाकतो!"

"कुठून टाकणार?" मी म्हणाले.

मीच फोन लावला. मनीषाने सगळं ऐकून घेतलं. "कोड आलाय, काकू. पण मी बाबांनाच सांगणार. त्यांना द्या."

मी फोन पुढे धरला. त्यांनी हात पाठीमागे नेले. कोड थोडाच वेळ चालतो. तो तसाच वाया गेला. मी दुसरा मागवला आणि म्हणाले, "ठीक आहे. खाली जाऊन त्या आजींना तुम्हीच सांगा, की माझा कडकपणा तुमच्या खाटेपेक्षा मोठा आहे."

त्यांनी फोन घेतला. "बोल."

ती आकडे सांगत गेली आणि ते एका बोटाने दाबत गेले. "चार. चार की सात?"

"चार, बाबा."

खातं उघडलं. इतक्या वर्षांनी मुलीचा आवाज कानावर पडला होता. हे "ठीक आहे" म्हणाले आणि फोन कापला.

"आभार मानायलाही कोड लागतो का?" असं म्हणून मी उठले.

निकाल आमच्या बाजूने लागला आणि भिंत पाडली गेली. तळमजल्यावरच्यांनी पेढे वाटले, तर यांनी जिन्यात चुरा सांडल्याची तक्रार केली.

"आता तरी नवा नंबर घालून घ्या," मी सांगितलं. "राहू दे," म्हणाले. पुढच्या रविवारी सकाळी त्यांच्या दारातून आवाज आला, "बोल. सहा. हं, पुढे?" त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. हा माणूस दर रविवारी मुद्दाम खात्यातून बाहेर पडत होता, आत यायला मुलीकडे कोड मागता यावा म्हणून! हळूहळू फोन लांबत गेला. "दोन. तुझं नाक का चोंदलंय? वाफ घे. हं, पुढचा?"

मला चीडच आली. केवढा खटाटोप! "घरी ये," एवढं म्हणाले असते तर पोरगी त्याच दिवशी आली असती. ते म्हणाले नाहीत. तीही बोलावल्याशिवाय आली नाही, मुलगी त्यांचीच.

मग एका रविवारी फोन मला आला. "काकू, कोड येऊन बराच वेळ झाला. बाबांचा फोन नाही आला. मी लावतेय तर उचलत नाहीत."

मी दार ठोठावलं, हाका मारल्या. किल्ली अर्थातच कोणाकडे दिलेली नव्हती. मी कळवताच मनीषा आणि तिचा नवरा मोटरसायकलवरून आले. "काकी, आप थोडा हटो," म्हणत त्याने खांदा लावला. जावई त्या घरात पहिल्यांदा शिरला तो असा, दार मोडून.

ते खुर्चीतच होते, मान एका बाजूला कललेली. समोर पडद्यावर कोडाचे चौकोन रिकामे. जावयाने त्यांच्या नाकापाशी बोट धरलं, आणि मग मनीषाकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली.

मनीषा खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्याला टेकली. हातातल्या फोनवरचे आकडे ती मोठ्याने वाचू लागली. एकेक आकडा, मध्ये थांबत, त्यांना दाबायला वेळ मिळेल इतकं थांबत.