ताण्यावरचे काळे ठिपके

शकुनबाई निमजे माझ्याकडे पहिल्यांदा आली ती औषधासाठी नव्हे. मलेरियाचं रक्त तपासायला आम्ही ज्या काचपट्ट्या वापरतो, त्यातल्या पाच-सहा तिला हव्या होत्या.

"कशाला?" मी विचारलं.

"हवेत काय उडून राह्यलं ते पाहाचं हाय, नर्सबाई."

मी आंधळगावच्या उपकेंद्रात नवीन होते. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर बदल्यांच्या याद्या दोन-तीन वर्षं हलतच राहिल्या, आणि त्यात मी सडक-अर्जुनीकडून इकडे येऊन पडले. सरकारी काचपट्ट्या अशा वाटता येत नाहीत, असं मी तिला सांगितलं. ती रागावली नाही. "बरं, मंग दुसरं काही पाहू," म्हणाली आणि निघून गेली. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. संध्याकाळी मी तिच्या गल्लीत गेले.

ती कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्यांची गल्ली. शकुनबाईचा नवरा मोतीलाल मागावर बसायचा. मोठी जाऊ राधाबाई, विधवा, मागच्या खोलीत सोड्याच्या पाण्यात कोसे उकळून सूत काढायची. शकुनबाईकडे पांजणीचं काम. म्हणजे सकाळी लवकर गल्लीभर ताणा पसरायचा, त्या उभ्या सुतांना तांदळाची खळ लावायची आणि कुंच्याने सारखी करत वाळवायची. हे काम उन्हाआधीच होतं, नाहीतर खळ भराभर सुकून सूत तुटतं.

त्या हिवाळ्यात नागपूरच्या व्यापाऱ्याने त्यांच्या दोन साड्या परत पाठवल्या होत्या. कोशाच्या मधासारख्या रंगावर बारीक काळे ठिपके होते. ओल्या खळीवर काहीतरी बसायचं आणि सुतात कायमचं रुतायचं. धुतलं तर डाग पसरे.

गल्लीत कोणाला काही शंका नव्हती. गावाच्या उत्तरेला हेमराजची राइस मिल. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायला तिथे धानाचा भुसा जाळून वाफ करत, आणि चिमणीतून काळी राख उडे.

"मिलच आहे, दुसरं काय," मोतीलाल म्हणाला. "सगळं गाव जाणते."

"जाणते ना," शकुनबाई म्हणाली. "पण मागच्या आठवड्यात बॉयलर बिघडून मिल पाच दिवस बंद होती. तेव्हाही ठिपके पडले. कमी पडले, पण पडले. ते कोणाचे?"

मोतीलाल पुन्हा मागावर जाऊन बसला. आणि खरं सांगायचं तर तिच्याशी माझी ओळख जमली ती या प्रश्नामुळे. इतक्या वर्षांत माझ्याकडे दुखणं घेऊन येणारे हजारो आले. असा प्रश्न घेऊन आलेली ती एकटीच.

काचपट्ट्या मिळाल्या नाहीत, म्हणून तिने जुन्या पांढऱ्या धोतराच्या वीतभर पट्ट्या फाडल्या. बांबूच्या कामट्यांवर ताणून त्यांना जवसाचं तेल लावलं. जवसाचं तेल दोन दिवसांनीही चिकट राहतं, हे तिला ठाऊक होतं. अशा नऊ पट्ट्या तिने नऊ ठिकाणी बांधल्या: मिलच्या फाटकाजवळ, गल्लीच्या दोन्ही टोकांना, शाळेच्या भिंतीवर, तलावाच्या मातीच्या पाळीवर, देवळामागे, घराच्या छपरावर, अंगणात, आणि शेवटची, उरली म्हणून, मागच्या खोलीत. दर तिसऱ्या दिवशी ती पट्ट्या उतरवून नव्या लावायची. कोणती कुठली हे कळावं म्हणून कडेला रंगीत दोऱ्याचे टाके घालायची. तिला लिहिता येत नव्हतं.

लोक हसले. तिची सून रंजिता मला म्हणाली, "आत्याबाईले विचारलं तर सांगतात, हवा गाळून राह्यली."

पट्ट्या पाहायला मोतीलालची भिंगाची काच होती. व्यापारी कापडातली सुतं मोजायला वापरतात ती, छोटी, पितळी चौकटीची. त्या काचेखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही थक्क झाले. नुसत्या डोळ्यांना जो सगळा काळेपणा एकसारखा वाटे, तो वेगवेगळा होता. मिलजवळच्या पट्टीवर धानाच्या टरफलाचे तुकडे होते, अगदी आकारासकट, फक्त जळून काळे-करडे झालेले. गल्लीतल्या पट्टीवर तेही होते, पण शिवाय तेलकट, ओघळलेले डाग होते. बोट लावलं तर काजळीसारखे फासले जायचे.

"हे धानाचं नाई," शकुनबाई म्हणाली.

मग ती चार-पाच दिवस पहाटेपासून गल्लीतच फिरत राहिली. थंडीत गल्लीच्या तोंडाशी माणसं शेकोटी करत. लाकूड कमी पडलं की सायकलची जुनी टायरं, प्लास्टिकच्या पिशव्या, तुटकी चप्पल, काहीही त्यात जाई. आणि त्याच वेळी वीस पावलांवर हिचा ताणा ओला असे.

तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की आणखी एक गोष्ट दिसे. सकाळी धूर वर जातच नसे. घराच्या उंचीएवढा चढला की आडवा होई आणि चादरीसारखा गावावर पडून राही. नऊ-दहा वाजले की विरून जाई.

"असं काहून होते?" तिने मला विचारलं.

पुढच्या महिन्यात मी राधाबाईला घेऊन भंडाऱ्याला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांना विचारलं. राधाबाईला तीन वर्षांपासून खोकला होता. मी टीबी समजून तीनदा थुंकी तपासायला पाठवली होती, तिन्ही वेळा काही निघालं नव्हतं. शकुनबाई सोबत होती.

डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. म्हणाले, "थंडीत रात्रभर जमीन गार होते, तिच्याजवळची हवाही गार आणि जड होते. वरची हवा त्या मानाने उबदार. त्यामुळे धूर वर चढत नाही, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा खाली कोंडतो. ऊन तापलं की झाकण निघतं."

शकुनबाई म्हणाली, "म्हणजे सकाळी गावानं जेवढा धूर केला, तेवढा गावच ओढून राह्यलं."

"हो. आणि तुमच्या पट्टीवर दिसतात ते मोठे कण. ते नाकात, घशात अडकतात. त्याहून बारीक जे असतात ते दिसतही नाहीत, पण थेट फुप्फुसात जाऊन बसतात." मग त्यांनी राधाबाईच्या छातीला नळी लावली, तिच्याकडून जोरात फुंकून घेतलं आणि विचारलं, "आजी, बिडी ओढता?"

"नाई जी. कधीच नाई."

"चूल?"

"चूल तर रोजची. कोसे उकळाले."

"किती वर्षं?"

राधाबाईने शकुनबाईकडे पाहिलं. "मी लग्न होऊन आली तेव्हापासून. पस्तीसेक झाले असतील."

"खोलीला खिडकी आहे?"

"होती जी," राधाबाई म्हणाली. डॉक्टरांनी ओढायचं औषध दिलं आणि सांगितलं, "हा टीबी नाही. श्वासाच्या नळ्या धुराने आतून सुजून अरुंद झाल्या आहेत. जे गेलं ते सगळं परत येणार नाही. पण धूर थांबला तर पुढचं वाचेल."

घरी गेल्या गेल्या शकुनबाईने मागच्या खोलीतली पट्टी काढून आणली. ती पट्टी तिने कितीदा तरी उतरवली होती, पण काचेखाली कधी धरली नव्हती. त्या खोलीत सगळंच काळं, त्यात पाहायचं काय, असं तिला वाटे. आता तिने नऊही पट्ट्या ओट्यावर ओळीने मांडल्या. मिलच्या फाटकावरची करडी होती. मागच्या खोलीतली मात्र इतकी काळी होती की धोतराचा पोत दिसत नव्हता.

"सगळ्या गावात सर्वांत खराब हवा माह्याच घरात," ती म्हणाली. "आणि ती खिडकी मीच बुजवली, नर्सबाई. उंदीर येऊन कोसे कुरतडत म्हणून. मोठीबाई तेव्हाच म्हणत होती, धूर होते. मी म्हटलं, धूर तर होतेच."

मी तिला रडताना पाहिलं नाही. पण त्या दिवशी ती स्वतः राधाबाईसाठी भात घेऊन गेली आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने पहारीने खिडकी फोडली आणि उंदरांसाठी जाळी बसवली. मग चुलीला सिमेंटचा पाइप लावून तो छपराबाहेर काढला. पहिल्याच दिवशी धूर उलटा खोलीत आला. मोतीलाल म्हणाला, "झालं, आता पहिल्यापेक्षा जास्त." शकुनबाईने दोन दिवस छपराकडे पाहत काढले. पाइपाचं तोंड छपराच्या आढ्यापेक्षा खाली होतं, त्यामुळे वारा आढ्यावरून घसरून धूर आत ढकलत होता. तिने पाइप हातभर उंच केला आणि वर पत्र्याची टोपी बसवली. लाकूडही वाळवून, बारीक फोडून घालायला लागली. ओलं लाकूड फार धुरावतं, हेही तिने पट्टी लावूनच पाहिलं होतं. महिन्याभरात मागच्या खोलीतली पट्टी करडी उतरायला लागली.

आता मिल राहिली. गावाने एकदा तक्रारीचा कागद केला होता. त्याचं पुढे काय झालं कोणाला माहीत नव्हतं. शकुनबाई मला सोबत घेऊन गेली, पण हातात कागद नव्हता, पट्ट्या आणि मोतीलालची काच होती.

हेमराज आमच्याकडे संशयानेच पाहत होता. "काकू, गावात मी एकटाच धूर करतो का?"

"नाई ना, हेमराजभाऊ. हे पाह्य." तिने आधी आपल्या घरची पट्टी त्याच्यासमोर ठेवली. "हे माहं. हे गल्लीतल्या टायरांचं. आणि हे तुमचं. आपापलं ज्यानं त्यानं पाहावं म्हणून आणलं."

त्याने काच डोळ्याला लावली आणि बराच वेळ पाहत राहिला. जळकं टरफल ओळखायला धानाच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायला लागत नाही.

"तुमचा बॉयलर पाहू द्या," ती म्हणाली.

का कोण जाणे, त्याने पाहू दिला. आम्ही तासभर उभ्या होतो. भट्टीवाला एकदम घमेलंभर भुसा लोटी तेव्हा चिमणीतून काळाकुट्ट लोट निघे. मग थोडा वेळ पांढुरका. शकुनबाईने त्याला थोडा थोडा घालून पाहायला सांगितलं. लोट निघाला नाही. भट्टीच्या मागे पत्र्याचं एक मोठं नरसाळं होतं. धूर त्यात गरगर फिरून राख खाली पडावी आणि डब्यात जमावी, यासाठी ते बसवलेलं. तिने डब्याला हात लावला.

"हे कधी रिकामं करता?"

भट्टीवाल्याने हेमराजकडे पाहिलं. डबा कधीचा गच्च भरलेला होता. राखेला खाली जागाच नव्हती, म्हणून ती पुन्हा धुराबरोबर वर जात होती. खालचं झाकणही गंजून उघडं पडलं होतं.

हेमराज ओशाळला. "मिल बंद करावी लागते त्यासाठी," तो म्हणाला.

"पाच दिवस बंद होती ना मागं."

त्या आठवड्यात डबा रिकामा झाला, झाकण बदललं. राख ओली करून खड्ड्यात टाकायला लागले. चिमणी वाढवायचं हेमराज पुढच्या हंगामात बघू म्हणाला, आणि पुढच्या हंगामात खरंच तिला दहा-बारा फूट जोड दिली. तरी गर्दीच्या दिवसांत भट्टीवाला घमेली लोटायचाच. तेव्हा शकुनबाई मिलकडे एक चक्कर मारून यायची, काही न बोलता.

शेकोट्यांचं मात्र तिला पूर्ण जमलं नाही. काही जणांनी टायर घालणं सोडलं, काहींनी तिच्यासमोर सोडलं. तिने पांजणी तलावाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत नेली. तिथे वारा लांबून, पाण्यावरून येई. मोतीलालने आधी कुरकुर केली, मग स्वतःच खुंट्या ठोकून दिल्या. त्यानंतर साड्या परत आल्या नाहीत.

राधाबाईचा खोकला पावसाळ्यापर्यंत बराच कमी झाला. श्वास पुरता भरून आला नाही, पाळ चढताना ती दोनदा थांबायची. पण रात्री बसून काढाव्या लागत त्या थांबल्या. सूत काढणं तिने सोडलं नाही. फक्त उकळायचं काम रंजिताकडे गेलं आणि ती अंगणात, मोकळ्या हवेत बसायला लागली.

पाच वर्षांनी माझी साकोलीला बदली झाली. क्वार्टर हायवेला लागून होता. एकदा शकुनबाई भेटायला आली. चहा ठेवला तरी ती बाहेरच उभी. पाहते तर, रस्त्याकडच्या कडुनिंबाची पानं पुसून पाहत होती, मग मागच्या परसातल्या आंब्याची. दोन्ही हातांची बोटं तिने मला दाखवली; कडुनिंबाची काळी होती, आंब्याची नुसती मातकट.

"इथून रोज किती ट्रक जातात?" तिने विचारलं.

"कोणी मोजत नाही," मी म्हटलं.

"काहून नाई?" ती म्हणाली आणि ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसली.