उलटी राहिलेली जोडी

मंडळी, आज चक्क क्यूबवरून घरात वाजलं!

तीन बाय तीनचा मला येतो. महिनाभर चार बाय चारच्या मागे लागलेय. आज सगळे रंग जुळले, फक्त कडेची एक जोडी उलटी राहिली. चारच्या क्यूबमध्ये असं होतं, त्याच्या वेगळ्या चाली पाठ कराव्या लागतात. त्याच करत होते.

चहा टाकायला उठले, तेवढ्यात निफाडहून आलेल्या दिरांनी स्क्रू ड्रायव्हरने तुकडे उपसून सरळ बसवले.

"घ्या वहिनी, झाला! या वयात कशाला डोक्याला ताप?"

त्यांच्यासमोरच मी क्यूब पार विस्कटला. तासाभराने पुन्हा जुळवत आणला, तर परत एक जोडी उलटी! इतका आनंद झाला म्हणून सांगू.

म्हटलं, "भाऊजी, आता चहा तुम्ही टाका. मला वेळ लागणारे."