अण्णाचा आवाज असलेली डिस्क

भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जायचो. आजही माझा भुतावर विश्वास नाही. पण हे एक कोडं मला सुटलेलं नाही, आणि त्यानं माझा पार जीव खाल्लाय.

गोष्ट नव्वदीच्या शेवटची, बेंगळुरूची. जे. पी. नगरात माझा थोरला भाऊ अण्णा घरीच डीटीपीचं काम करायचा. तो आजारात गेला. जायच्या आधी त्यानं आपल्या लेकीसाठी, चिंगीसाठी, कॉम्प्युटरवर स्वतःच्या आवाजात एक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली होती. "शाळेत जायला लागली की ऐकव," असं वहिनींना सांगून गेला. ती शाळेत जायला लागली आणि नेमकी त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क करकरायला लागली. कॉपी करायला घेतलं की विंडोज अडकायचं. म्हणून मी नवी डिस्क आणली, आणि लिनक्सची फ्लॉपी. तिच्यावरून मशीन सुरू केलं की एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवता येते.

आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची, सकाळ होती. दोन्ही डिस्क जोडून मशीन सुरू केलं. लिनक्स डिस्कना आपली नावं देतं — अण्णाची 'एसडीए', नवी कोरी 'एसडीबी'. नीट तपासून कागदावर लिहून घेतलं.

तेवढ्यात वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. "भावोजी, स्वल्प थांबा. आज यंत्र चालू ठेवायचं नसतं. बंद करा, आधी पूजा."

"अहो वहिनी, आत्ता होईल हे!"

"त्यांनी एकही वर्ष पूजा चुकवली नाही."

मी मशीन बंद केलं. वहिनींनी कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं, चिंगीनं हात जोडले. मग पुन्हा सुरू केलं. केबलला कुणी हातसुद्धा लावला नव्हता, म्हणून परत तपासलं नाही. शहाणा ना मी! कागदात बघून कमांड दिली — 'ए'वरून 'बी'वर.

संपल्यावर बघतो तर दोन्ही डिस्क कोऱ्या. मशीन सुरू होताना स्क्रीनवर आलेल्या ओळी मागे जाऊन वाचल्या. नावं उलटली होती — नवी 'ए', अण्णाची 'बी'! कोरी डिस्क मी अण्णाच्या आवाजावर ओतली होती... माझ्याच हातानं.

"काका, बाबांचा आवाज आला?" चिंगीनं विचारलं.

ऑफिसातले जाणते म्हणाले, "डिस्कवर हातानं लावलेल्या नंबरावरून नाव ठरतं. तो बदलल्याशिवाय नाव उलटणं शक्य नाही." नंतर मी तेच मशीन किती वेळा बंद-चालू केलं असेल, देव जाणे. दर वेळी अण्णाचीच 'ए'. उलटली ती तेवढ्या एकाच वेळी. वहिनी अजून म्हणतात, "मीच बंद करायला लावलं हो." त्यांचा काय दोष?

एक मात्र त्यांना सांगायचा धीर झालेला नाही. आदल्या दिवशी, फाईल धड आहे का बघायला, मी ती लावली होती. अण्णा खाकरला. म्हणाला, "चिंगे, नीट बसलीस ना? सांगतो हं..." आणि मी थांबवली. म्हटलं, पहिल्यांदा तिनंच ऐकू दे.

चिंगी आता मोठी झालीय. मध्येच कधीतरी विचारते, "काका, गोष्ट कुठली होती हो?"

मला माहीत नाही.