इवाईबुवांचे पाव्हणे

मरणाशी इतका घरोबा ठेवलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो नेमका माझा इवाई निघाला. इवाई म्हणजे व्याही, आमच्या मंजूचे सासरे. ते अमरावतीचे, मी अकोल्याचा, जठारपेठेतला निवृत्त मास्तर. एस.टी. स्टँडवर तीस वर्षं भोंग्यावरून गाड्या पुकारल्यामुळे त्यांनी कानात सांगितलेली गोष्टही चौथ्या घरी ऐकू जायची. मंजूच्या लग्नात फेटा बांधून मिरवायचं सोडून या वरपित्याने मांडवातला माईक हातात घेतला आणि पंगती पुकारल्या. "अकोल्याच्या पाव्हण्याईनं बसून घ्यावं, दुसरी पंगत दहा मिनिटांत लागनार हाय." मी मानपानाचं विचारायला गेलो तर म्हणाले, "मानपान कायचा? वक्तावर वाढा म्हंजे झालं." असा इवाई नशिबाने मिळतो, असं मी तेव्हा गावभर सांगत सुटलो. जरा घाईच झाली माझी.

इहीणबाई, म्हणजे विहीणबाई, वारल्या, मुलगा आणि मंजू बंगलोरला, घर खायला उठायला लागलं. तेव्हा ते बडनेरा रोडवरच्या एका संस्थेत गेले. टाकून दिलेली, जखमी झालेली कुत्री सांभाळायची आणि चांगलं घर पाहून द्यायची, असं काम तिथली पोरंपोरी करतात. तिथे येणारा प्रत्येक जण पिल्लू मागतो. यांनी विचारलं, "सगळ्यात मतारं कोनतं हाय? ज्याले कोनीच नेऊन नाई राह्यलं ते." संस्थेच्या ताईला वाटलं, काका थट्टा करताहेत. काका दात पडलेलं, पंधरा वर्षांचं एक धूड रिक्षात घालून घरी घेऊन आले. ते दोन महिन्यांत गेलं. मग दुसरं आणलं, मग तिसरं. लोक जीव रमवायला जनावर पाळतात, हे गृहस्थ पोहोचवायला पाळत. मी एकदा स्पष्टच म्हटलं, "अहो, एखादं धडधाकट आणा की." तर म्हणाले, "धडधाकटाले कोनीबी नेते, इवाईबुवा. याइले कोन नेईन?" मी पुढ्यातला चहा प्यालो.

कुत्र्यांना ते अहो-जाहो करत आणि सगळ्यांना एकच नाव, पाव्हणे. एकदा मी मुक्कामाला असताना आतून हाक आली, "चला पाव्हणे, जेवाले वाढलं." मी हात धुऊन गेलो तर एक लंगडं कुत्रं थाळीतली दूधभाकर खात बसलं होतं. माझं ताट नंतर आलं आणि तेही अळणी. वरण अळणी, वांग्याची भाजी अळणी. कुत्र्याची किडनी बिघडलेली, जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलेलं. "त्याइच्यासमोर आपन चवीचं खावं, हे मले बराबर नाई वाटत," असं म्हणत त्यांनी मला आणखी वरण वाढलं. मुलीच्या बापाने सासरी तोंड वाकडं करायचं नसतं. मी ते वरण संपवलं.

कुत्रं गेलं की मला फोन. "इवाईबुवा, सुटले पाव्हणे. चार वीसले." वेळ कधी चुकायची नाही. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण हे दहा दिवस सुतक धरत. नातीचं बारसं आमच्याकडे ठरलं, आमंत्रणं गेली, आचारी ठरला, आणि दोन दिवस आधी फोन आला की चौथे पाव्हणे सुटले, सबब आजोबा येऊ शकत नाहीत. आम्ही पडलो मुलीकडचे. बारसं पुढे ढकललं. कोण वारलं म्हणून जो तो विचारी. मी सांगे, "इवायांच्या घरातलंच होतं कोणी. वय झालं होतं." यात खोटं काहीच नव्हतं, पण आमच्या सौ.ने पुढे महिनाभर त्यांचं नाव काढू दिलं नाही.

मग त्यांच्याच फुफ्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी काही महिन्यांची मुदत दिली. त्याच सुमारास पाचवे पाव्हणे गेले आणि सुतक फिटल्यावर हे पुन्हा संस्थेत जाऊन उभे. तिथे एक काळी, एका डोळ्याची, तेरा वर्षांची कुत्री होती. मालक गाव सोडताना तिला तिच्या चटईसकट फाटकाला बांधून गेले होते. यांचा तिच्यावर जीव बसला. पण काकांना आता दोन वाक्यांत धाप लागते, हे ताईने पाहिलं. ती म्हणाली, "काका, तुमच्यानंतर हिचं काय? एकदा टाकलेली आहे, पुन्हा नको. जामीनदार आणा आणि घेऊन जा." तिचं काही चुकलं नाही. मुलाने बंगलोरहून नकार कळवला, आणि इवाई अकोल्याला माझ्या दारात आले.

मी कुत्र्याला भितो. लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेला माणूस आहे मी. पहिल्या खेपेला मी तुरीच्या बाजारभावाचा विषय काढला आणि गाडीची वेळ होईपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या खेपेला सौ.ला दमा आहे असं ठोकून दिलं. तिला दमा कधीच नव्हता आणि ती आत पोळ्या लाटत हे ऐकत होती. तिसऱ्या खेपेला त्यांना जिना चढवेना, ते खालच्या पायरीवरच बसले. मी खाली गेलो. भोंग्याचा आवाज पार बसला होता. "इवाईबुवा, मले एकट्याले जाची भीती वाटते," ते म्हणाले. "तिलेबी वाटत असन. दोघं असलो तं निभावून नेऊ. मी आंदी गेलो तं तेवढी तिले घेऊन जा. मतारी हाय, लय दिवस तरास नाई देनार." मागून सौ. पेन घेऊन जिना उतरली. "करा सही," ती म्हणाली. "दमा माहा हाय, माहं मी पायतो."

त्यानंतर चार महिने ते मजेत होते, म्हणजे दोघंही. मग एका दुपारी अमरावतीचा फोन वाजला. मला वाटलं, पाव्हणीबाई सुटल्या. पण आवाज शेजाऱ्यांचा होता आणि वेळ त्यांनी काही सांगितली नाही. मुलगा-सून आले, तेरवी झाली, सगळे परत गेले. कुत्री मात्र खाटेखालून निघेना. मी आणि संस्थेच्या ताईने तिला चटईसकट ओढून गाडीत घातलं. मूर्तिजापूरपर्यंत ती कण्हत होती, मग माझ्या मांडीवर ओकली आणि झोपली. मी रडलो. ड्रायव्हरला वाटलं, पँट खराब झाली म्हणून.

याला आता दीड वर्ष झालं. लय दिवस तरास नाई देनार म्हणाले होते, पण पाव्हणीबाई खाऊनपिऊन खुशाल आहेत. गेल्या महिन्यात माझ्याच छातीत दुखलं. सौ.चे गुडघे गेलेले, तिच्याने कुत्रीला जिन्यावरून नेणं होत नाही. संस्थेच्या ताईने कागद पाठवला आहे. कुत्री माझ्या नावावर करायची, आणि जामीनदार घराबाहेरचा हवा. मंजूच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही. शेजारी बघतो म्हणाले आणि तेव्हापासून गॅलरीत येत नाहीत. माझ्यासोबत सकाळी फिरणारे अंजनगावचे गृहस्थ मी जामीन शब्द काढताच संत्र्याच्या बहराकडे वळले. ती युक्ती मला ओळखू येते. पातूरच्या धाकट्या भावाने चहा पाजला, कागद वाचला आणि घडी घालून परत दिला.

जन्मभर हजारो लोकांना त्यांची गाडी दाखवलेले इवाई, आणि एका सहीसाठी त्यांना अमरावती सोडून कुत्र्याला भिणाऱ्या माझ्याकडे यावं लागलं. माझ्याआधी त्यांनी किती दारं पाहिली असतील, हे मी कधी विचारलं नाही. धाप लागलेल्या माणसाला तीन खेपा घालायला लावल्या याची मला लाज वाटते, आणि ती आता सांगायची कोणाला? भाऊ अगदीच नाही म्हणालेला नाही, पाहू म्हणाला. उद्या सकाळच्या गाडीने पातूरला निघालो आहे. ही दुसरी खेप.