बेमालूम मिस्त्रीची भिंत

त्याला सगळे बेमालूम म्हणत. जुन्या भिंतीला नवी वीट तो अशी लावायचा की नवं कुठून सुरू झालं ते घरमालकालाही कळू नये. काम संपलं की हातातली थापी धुताधुता तो विचारी, "सांधा दाखवा, मजुरी सोडतो." चाळीस वर्षांत ती सोडायची वेळ आली नव्हती. एवढी वर्षं कौतुक ऐकलं की माणूस नाकावर माशी बसू देत नाही. हाही देत नसे.

हाताखाली त्याची बायकोच असे. माल कालवायचा, विटा भिजवायच्या, हातात द्यायच्या, शिवाय दिवसभर बोलायचं, ही सगळी कामं तिची.

त्या साली त्यांना एका नर्सबाईंच्या बागेची भिंत मिळाली. बाई नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. झाड कोसळून भिंतीचा मधला बाराएक फुटांचा तुकडा आडवा झाला होता. "उरलेल्या भिंतीसारखीच दिसू दे बरं का मिस्त्री," बाई म्हणाल्या. "माझी खुर्ची हिच्या समोरच असते. दिवसभर बघायचीय मला ती."

बेमालूमला असंच गिऱ्हाईक आवडे. त्यानं ढिगातली एकेक जुनी वीट काढली, चिकटलेला चुना खरवडला, दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहिल्या. खणखणीत वाजल्या त्या ठेवल्या, बद्द वाजल्या त्या भिंतीच्या पायात टाकायला बाजूला केल्या. निम्म्याच कामाच्या निघाल्या. उरलेल्यांसाठी तो स्वतः भट्टीवर गेला आणि तीनशे विटा हातानं निवडून घेऊन आला. कोरडी वीट खोटं बोलते, असं तो म्हणे. म्हणून प्रत्येक नवी वीट पाण्यात बुडवायची, जुन्या ओल्या विटेशेजारी धरायची आणि मगच थरात घ्यायची.

"अहो, या जरा लालभडक वाटतायत," बायको पहिल्या दिवशी म्हणाली.

"तू माल कालव."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, एकदा उन्हात धरून तरी बघा."

"वीट मला शिकवतेस?"

तिसऱ्या दिवशी चौथा थर चालू असताना तिनं एक वीट त्याच्या पुढ्यात आपटली. "ही तर उघडउघड वेगळी दिसतेय हो!" त्यानं तीच वीट उचलून लावली आणि वरून थापीनं दोनदा ठोकली. त्यानंतर भिंत पुरी होईपर्यंत ती गप्प होती. बरं झालं, काम भराभर उरकतंय, असं त्याला वाटलं.

आठव्या दिवशी त्यानं ओळंबा सोडून पाहिला. भिंत सुतासारखी सरळ होती. त्यानं बाईंना हाक मारली. "सांधा दाखवा, मजुरी सोडतो."

बाईंनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "मला नाही बाई दिसत," त्या म्हणाल्या आणि सगळी मजुरी त्याच्या हातावर ठेवली. वर एक चिठ्ठीही दिली. "पायरी उतरताना चाचपडता तुम्ही. ओळखीचे डॉक्टर आहेत, डोळे दाखवून या."

नर्सला जगात सगळे पेशंटच दिसायचे, असं म्हणून त्यानं चिठ्ठी खिशात घातली. महिन्याभरानं त्या रस्त्यानं जाताना त्याला आपल्या भिंतीच्या बुडाशी वेल लावलेली दिसली आणि तो घरी येऊन कडाडला, "वेलच चढवायची होती तर माझ्याकडून एवढी जुळवाजुळव कशाला करून घेतली?" बायको भाजी निवडत राहिली. तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

पुढे एकदा परातीला अडखळून तो पडला, तेव्हा तिनं ती चिठ्ठी शोधून काढली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तर पलंगपोस पांढराशुभ्र, भिंती पांढऱ्या, बायकोचं डोकं पांढरं.

"अगं, केस कधी पिकले तुझे?"

"झाली की दहा वर्षं."

डॉक्टरांनी बाहेर पडायची मोकळीक दिली त्याच दिवशी तो बायकोला घेऊन बाईंच्या बागेत गेला. वेल कमरेपर्यंत आली होती. तिच्या वरचं सगळं उघडं होतं. कळकट तपकिरी भिंतीत लालभडक विटा, कुठे दोन, कुठे पाच, जुन्या पातेल्याला मारलेल्या नव्या डागांसारख्या. त्यानं उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला सगळं चहाच्या रंगाचं दिसलं आणि भिंत एकसारखी, त्यानं बांधली तशी, बेमालूम. त्यानं डावा मिटून उजवा उघडला. असं त्यानं चार वेळा केलं.

बाई व्हरांड्यातून उतरून आल्या.

"तुम्ही दिसत नाही म्हणालात, बाई."

"तुम्ही इतक्या खुशीत विचारलंत. आणि भिंत पक्की होती."

"पाडून परत बांधतो. मजुरी नको."

"मुळीच नाही. वेल तुटेल. वहिनींनी रोप घरून आणून स्वतःच्या हातानं लावलंय ते."

त्यानं वळून बायकोकडे पाहिलं. ती वेलीचा एक फुटवा विटेच्या दरजेत खोचत होती, मुद्दाम वर न बघता. त्याला फार लाज वाटली. रंग चुकला त्याची कमीच. तीनदा सांगून ती गप्प झाली आणि आपल्याला ते बरं वाटलं, याची जास्त.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. पुढचं काम एका शाळेच्या कुंपणाचं होतं. त्यानं नवी वीट बुडवली, जुनीशेजारी धरली, उन्हात फिरवून पाहिली. तंतोतंत जुळत होती.

"अगं," तो म्हणाला, "बघ जरा, जुळतेय का."

तिनं पदराला हात पुसले, जवळ येऊन पाहिलं. "जराशी फिकी आहे."

त्याला काही ती फिकी दिसत नव्हती. त्यानं ती बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली.