सात नंबरची ट्यूब

नीलिमाताई गेल्या.

त्यांचा कॅन्सर परत आलाय, ही बातमी त्यांना मी दिली होती. टाळ्या वाजवत.

हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहितेय.

नीलिमाताई म्हणजे दिल्लीजवळच्या मानेसरच्या लॅबमधल्या माझ्या सीनियर. जन्म, शाळा, कॉलेज सगळं दिल्लीतच. मराठी बोलताना मध्येच अडायच्या आणि मला विचारायच्या, “अगं, याला आपल्यात काय म्हणतात?”

मी बीडची. दिल्लीत मुनिरका भागात एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. पहिल्याच दिवशी कंपनीच्या बसमध्ये ताईंनी डब्यातला अर्धा पराठा माझ्या हातावर ठेवला. “खा. तिथलं कँटीन बिल्कुल बेकार आहे.”

त्याआधी त्यांना ब्लड कॅन्सर होऊन गेला होता. ट्रीटमेंट संपली, केस परत आले, त्या कामावर परत आल्या.

येताना एक हट्ट घेऊन आल्या.

हा आजार उलटतो तेव्हा सुरुवातीला रक्तातल्या मोजक्याच पेशी बिघडतात. त्यांच्यातला बिघडलेला जीन लवकर सापडला, तर डॉक्टरांच्या हातात थोडा वेळ असतो.

पण पानिपतहून भर जूनमध्ये पाठवलेलं रक्त आमच्याकडे पोचेपर्यंत पेशी फुटून गेलेल्या असायच्या. रिपोर्टवर एकच ओळ. सॅम्पल खराब.

म्हणजे पेशंटने पुन्हा यायचं. पुन्हा सुई. पुन्हा वाट बघायची.

ताई स्वतः त्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना ती ओळ सहन व्हायची नाही.

त्यांनी ट्यूबमध्ये घालायचं एक द्रावण बनवायला घेतलं. फ्रिजशिवाय, उन्हातसुद्धा पेशी जिवंत ठेवणारं. आणि त्याच ट्यूबमधून तो जीन शोधणारी टेस्ट. दोन्ही मिळून एक किट.

चार वर्षं गेली. कधी पेशी मरायच्या, कधी पेशी जगायच्या पण टेस्टला काही दिसायचंच नाही. ताई वही बंद करून म्हणायच्या, “चलो. उद्या परत.”

मग ती दुपार आली.

ताईंनी मला आठ ट्यूब दिल्या. चार दिवस त्या त्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या होत्या, मुद्दाम. वर नावं नाहीत, फक्त नंबर.

“कुणाचं रक्त आहे ते विचारायचं नाही. लाव.”

लावलं. एक सोडून बाकी सगळ्या ट्यूबच्या रेघा स्क्रीनवर सपाट राहिल्या.

सात नंबरची रेघ मात्र शेवटी शेवटी हळूच वर उठली.

मी अक्षरशः उडी मारली. “ताई! सापडला! इतका कमी असूनसुद्धा सापडला! आपलं किट चाललं!”

मी टाळ्या वाजवत होते. ताई स्क्रीनकडे बघत होत्या.

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या.

पुन्हा लावलं. तीच रेघ. तिसऱ्यांदाही तीच.

मग त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. “अगं, सात नंबर माझा आहे.”

“आधी का नाही सांगितलं?” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता. पंधरा दिवस दम लागतोय गं. मला शंका होतीच.”

आणि पेन काढून त्यांनी स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये लिहिलं. ट्यूब सात. पॉझिटिव्ह.

दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलमध्ये गेल्या. तिथल्या तपासणीतही तेच निघालं.

औषधं बदलली. आधी बरं वाटलं, मग नाही. दर पंधरवड्याला त्यांचं रक्त माझ्याकडे यायचं. पुढे पुढे रेघ दर वेळी आधीपेक्षा लवकर उठायची, म्हणजे आजार वाढलेला. फोनवर मी आकडा सांगायचे, त्या “अच्छा” म्हणायच्या, आणि मग पानिपतच्या पेशंटची चौकशी करायच्या. तिकडे किट पोचलं होतं. एका विणकर बाईचा उलटलेला आजार वेळेत सापडला. ती आज कामावर जाते.

गेल्या आठवड्यात ताई म्हणाल्या, “आता माझं सॅम्पल लावू नकोस. त्या ट्यूब तिकडे पाठव.”

आज सकाळी ताई गेल्या.

दुपारी स्मशानातून परतताना त्यांच्या आईंनी माझा हात धरला. “तुमच्या मशीनला इतकं आधी कळलं होतं ना गं? मग ती वाचली का नाही?”

कळणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, हे त्या हाताला कसं सांगायचं?



नीलिमाताई, माझा शेवटचा नमस्कार.