तळाशी सोडलेली यंत्रं

पप्पांचा फोन आला तेव्हा मी शहागंजच्या बाजारात लोकरी मोजे घेत होते. जहाजावरच्या प्रयोगशाळेत एसी फार थंड असतो, मोजे घेऊन ठेव, असं आत्यानंच सांगितलं होतं. "आत्या गेली गं," एवढंच पप्पा म्हणाले. सुट्टीवर आलेली, उस्मानपुऱ्याच्या घरी, चहा घेता घेता हृदय बंद पडलं... रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. महिन्यावर आलेल्या सफरीला आता मला तिच्याशिवाय जावं लागणार होतं.

आत्या समुद्राचे प्रवाह मोजायची. लासूर स्टेशनची मुलगी आणि समुद्र, हे नातेवाइकांना कधी पटलंच नाही. तिला पोहताही येत नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायची, "आमच्या विहिरीत उन्हाळ्यात घागर बुडत नव्हती, मी कुठं बुडी मारू?"

मागच्या वर्षी तिच्या हाताखाली शिकायला मी पहिल्यांदा जहाजावर गेले. किनारा दिसेनासा झाला आणि मी कठडा धरला. डेक कलायचा, तारेला लटकवलेलं यंत्र झुलायचं. जाळ्यात आलेले काचेसारखे आरपार दिसणारे जीव सगळे वाकून बघत होते, आणि माझी बोटं कठड्यावरून सुटेनात. आत्या शेजारी येऊन म्हणाली, "तुमच्या इंग्लिश शाळेत घाबरायला पण परवानगी घ्यावी लागती का गं?"

यंत्र खाली जाताना तार किती सुटली ते पडद्यावर दिसतंच. तरी आत्या आकडे मोठ्यानं पुकारायची, लासूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारतात तसे. "शंभर, शंभर... दीडशे..." रत्नागिरीचा एक खलाशी विचारायचा, "मॅडम, समुद्र कितीला गेला आज?" "नाय परवडला," ती म्हणायची. मला तो तिचा उत्साह वाटायचा. एकदा लाटा चढल्या तसा तिचा आवाजही चढला. माझा दंड तिनं घट्ट धरून ठेवला होता.

"दरवेळी घाबरतेस?" मी विचारलं.

"दरवेळी. गप बसले तर पायच उचलत नाय माझे."

त्याच सफरीत आम्ही प्रवाह मोजणारी यंत्रं एका दोराला बांधून, खाली वजन लावून, समुद्रात सोडून आलो. वर्षभरानं त्या जागी जायचं आणि पाण्यातून आवाजाचा इशारा पाठवायचा. वजन सुटतं, पिवळे तरंगते गोळे यंत्रांना वर आणतात. कधी कधी काहीच वर येत नाही... आता बॅटऱ्या संपत आल्या आहेत. आणली नाहीत तर तिचं वर्षभराचं काम तळाशीच राहील.

"नको जाऊ," पप्पा म्हणाले. "एक गेली, बस झालं." तिला समुद्रानं नेलं नाही, हे त्यांनाही माहीत आहे. ती यंत्रं अजून मोजत असतील, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आत्या चहा घेत होती तेव्हाही ती मोजत होती.

काल मी होकार कळवला. भीती आहेच, जेवतानाही आहे. पण त्या दोराच्या गाठी आत्यानं स्वतःच्या हातानं मारल्या आहेत. डेकवर आल्यावर त्या कुणी घाईघाईनं चाकूनं कापलेल्या मला बघवणार नाहीत. मीच सोडवीन... सुटतील तेवढ्या.